कर्त्या माणसावर पिकलेला हशा



दूरचित्रवाणीवरच्या एका विनोदी मालिकेवर स्मृतिव्याख्यान द्यावे का, असा प्रश्न इथे कोणाच्या मनात आला असेल तर तो रास्त आहे. माझे उत्तर असे की, ज्या गोष्टीपुढे आजोबा, सून आणि शाळकरी नातू एका खोलीत बसून एकाच क्षणी हसतात, ती गोष्ट किरकोळ नसते. घरात एकत्र रडण्याचे प्रसंग न बोलावता येतात. एकत्र जेवण्याचे आणि एकत्र हात जोडण्याचे प्रसंग परंपरेने लावून दिले आहेत. एकत्र हसण्याची सोय मात्र कोणीतरी जाणूनबुजून करावी लागते, कारण घरात वय, नाते आणि अधिकार यांच्या पायऱ्या असतात आणि हसणे या पायऱ्यांपाशी अडखळते. सासऱ्यासमोर सून तोंडाला पदर लावते, बापासमोर मुलगा हसू गिळतो, आणि मुलांसमोर बापाला गंभीर राहावेसे वाटते. हा संकोच अर्ध्या तासासाठी का होईना, मोडून काढण्याचे काम मराठीत 'श्रीयुत गंगाधर टिपरे' या मालिकेने केले. 2001 साली तेव्हाच्या अल्फा मराठी वाहिनीवर ती सुरू झाली. केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका दिलीप प्रभावळकर यांच्या 'अनुदिनी' या लेखनावर आधारलेली होती. तिला वीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी मराठी घरांत तिचे नाव आजही जिव्हाळ्याने निघते. हे तिने कसे साधले, एवढाच आजचा प्रश्न आहे.

सोपे उत्तर सगळ्यांना पाठ आहे. 'स्वच्छ' मालिका होती, अचकट-विचकट काही नव्हते, म्हणून घरच्यांबरोबर पाहता आली. हे खरे आहे, पण त्याने काही उलगडत नाही. शेतीविषयक कार्यक्रम स्वच्छ असतो, बातम्या स्वच्छ असतात, आरोग्यावरची चर्चा तर फारच स्वच्छ असते. त्यांच्यापुढे सगळे घर ओढीने येऊन बसल्याचे कोणी सांगत नाही. स्वच्छतेमुळे कोणी उठून जात नाही, पण कोणी येऊन बसतही नाही. शिवाय आपल्या या झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्याचा, अनुभव उलट दिशेचा आहे. झाडीपट्टीच्या नाटकात विनोदी नटाच्या तोंडी दुहेरी अर्थाचे वाक्य येते आणि मंडपातल्या वयस्क बायकाही त्याला मनापासून दाद देतात. तेव्हा सभ्यतेच्या मापाने हा प्रश्न मोजता येत नाही. माझे म्हणणे असे आहे की, विनोदाचा रोख कोणाकडे आहे यावर घर एकत्र हसणार की नाही हे ठरते. रोख घरातल्या सर्वांत वरच्या माणसाकडे असेल, आणि त्या माणसाने तो स्वतःहून अंगावर घेतला असेल, तर खालच्या प्रत्येक पायरीवरच्या माणसाला हसायची मोकळीक मिळते. रोख खाली वळला, म्हणजे मोलकरणीकडे, जाड बाईकडे, गावाकडच्या बोलीकडे किंवा साडी नेसवलेल्या पुरुषाकडे वळला, तर त्याच खोलीतले कोणीतरी गप्प होते. ते उठून जात नाही, पण त्याचे हसणे थांबते, आणि तिथे कौटुंबिक विनोद संपतो.

हा रोख मराठीत नवा नाही. त्याची मुळे चिं. वि. जोशी यांच्यापाशी आहेत. बडोद्यात पाली भाषा शिकवणाऱ्या या प्राध्यापकाने 1930 च्या दशकात 'एरंडाचे गुऱ्हाळ' आणि 'चिमणरावांचे चऱ्हाट' या पुस्तकांतून एक मध्यमवर्गीय गृहस्थ उभा केला. बायको काऊ, मोरू, मैना ही मुले, आणि नात्यातला दांडगा गुंड्याभाऊ असा त्याचा गोतावळा. या कथांमधली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्या चिमणराव स्वतः सांगतो. ज्या काळात घरातल्या कर्त्या पुरुषाच्या शब्दापुढे शब्द काढायची सोय नव्हती, त्या काळात हा कर्ता पुरुष स्वतःची भित्री वृत्ती, स्वतःचा बावळटपणा, बायकोपुढे उडालेली तारांबळ वाचकाला आपल्या तोंडाने सांगत होता. दुसऱ्या कोणी ते सांगितले असते तर ती चहाडी ठरली असती, किंवा टीका. त्याने स्वतः सांगितल्यामुळे वाचणाऱ्या घरातल्या बाईला आपल्या नवऱ्याकडे पाहून हसता आले, आणि नवऱ्यालाही राग न येता हसता आले. 1940 साली मास्टर विनायकांनी 'लग्न पहावं करून' हा चित्रपट केला, त्यात दामुअण्णा मालवणकर चिमणराव आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ झाले. पुढे सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनवर विजया धुमाळे यांनी 'चिमणराव' ही मालिका केली. तिच्यात चिमणराव होते दिलीप प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ होते बाळ कर्वे. म्हणजे पुस्तक, पडदा आणि छोटा पडदा अशा तिन्ही ठिकाणी हा गृहस्थ टिकला. माध्यम बदलले की विनोद शिळा होतो, असे आपण नेहमी ऐकतो. इथे तो झाला नाही, कारण घराची रचना बदलली नव्हती आणि रोखही बदलला नव्हता.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ती 'चिमणराव' मालिका या भागाने पाहिली नाही. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले, आणि सत्तरच्या दशकात त्याचे चित्र मुंबई-पुण्याच्या परिसराबाहेर फारसे पोचत नव्हते. विदर्भाच्या मोठ्या भागात दूरचित्रवाणी आली ती ऐंशीच्या दशकात, इन्सॅट-1बी हा उपग्रह 1983 साली अवकाशात गेल्यावर आणि देशभर लहान प्रक्षेपक उभे राहू लागल्यावर. त्या प्रक्षेपकांवरून दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम दिसे, आणि तो हिंदीत असे. 1984 चे 'हम लोग' आणि 'ये जो है जिंदगी', 1988 चे 'वागले की दुनिया' या मालिका इथल्या घरांनी पाहिल्या त्या अशा. यातल्या वागलेंकडे थोडे थांबून पाहावे असे मला वाटते. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतून आलेला, आडनावाने मराठी, भाषेने हिंदी असा हा साधा नोकरदार. अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर यांनी तो संसार उभा केला. वागले रोज हरतो आणि त्याचे हरणे त्याच्या घराला माहीत असते. चिमणरावाचाच हा हिंदी बोलणारा वंशज, आणि मराठी चिमणराव ज्यांना छोट्या पडद्यावर भेटला नाही त्या मराठी घरांना तो भेटला. 2021 साली सब वाहिनीवर वागलेंची नवी मालिका आली, तेव्हा तेच दोघे कलाकार आजी-आजोबा झाले होते आणि मुलाच्या भूमिकेत सुमीत राघवन होते. तीस वर्षांनी एखादे घर पडद्यावर परत येते आणि त्याला तिसरी पिढी जोडावीशी वाटते, यावरून त्या घराच्या रचनेत किती ताकद होती ते कळते.

आता टिपऱ्यांकडे येऊ. चिमणराव करणारे प्रभावळकरच इथे आबा टिपरे झाले, आणि हा मला नुसता योगायोग वाटत नाही. पंचवीस वर्षांच्या अंतराने एकाच नटाने मराठी घरातल्या कर्त्याची दोन वये उभी केली. चिमणराव ऐन संसारातला, ओझ्याखाली वाकलेला. आबा निवृत्त, ओझे खाली ठेवलेले. घर आता मुलगा शेखर आणि सून श्यामल चालवतात, शिऱ्या आणि शलाका ही तरुण नातवंडे आपापल्या जगात आहेत, आणि आबा दिवसभर जे पाहतात ते अनुदिनीत उतरवतात. मालिकेचे सगळे यश या मांडणीत आहे, असे माझे मत आहे. आबा वयाने सर्वांत मोठे, म्हणजे मानाने सर्वांत वर. पण घरखर्च त्यांच्या हातात नाही, निर्णयही त्यांच्या हातात नाही. अशा माणसाला मराठी कथा-कादंबरीत आणि नाटकात बहुतेक वेळा कारुण्याचा विषय केले जाते. कोपऱ्यातली खाट, मुलांचे दुर्लक्ष, वृद्धाश्रमाचा उंबरठा. टिपऱ्यांच्या लेखकाने हे कारुण्य बाजूला ठेवले आणि त्या माणसाच्या हाती लेखणी दिली. सत्ता गेली, पण सांगायचा हक्क राहिला. आणि या हक्काचा उपयोग आबा कोणाला धडा शिकवण्यासाठी करत नाहीत. ते स्वतः खोड्या काढतात, स्वतः फजीत होतात आणि ती फजिती स्वतःच लिहून ठेवतात. मुलाचा आळस, सुनेचे हट्ट, नातवाची हुशारी, नातीचे भाबडेपण, या सगळ्यांवर प्रेक्षक हसतो, पण ज्याच्या डोळ्यांनी तो हे पाहतो तो माणूस आधी स्वतःवर हसलेला असतो. त्यामुळे खालच्या कोणालाही तो हशा बोचत नाही.

आणखी एक बारकावा. टिपऱ्यांच्या घरात पाचही माणसांना आपापला वेडेपणा आहे आणि पाचही जणांना कधी ना कधी शहाणपणाचा क्षण मिळतो. एका भागात बापाची चूक मुलगी दाखवते आणि पुढच्या भागात मुलीची चूक आजोबा झाकतात. चूक करण्याचा आणि बरोबर असण्याचा मान घरात फिरता राहतो. पडद्यापुढे बसलेल्या घरातही पाच वयांची माणसे असतात, आणि प्रत्येकाला आज ना उद्या आपली बाजू घेणारे कोणी सापडते. त्याच वर्षी ई टीव्ही मराठीवर सुरू झालेली 'चार दिवस सासूचे' 2013 पर्यंत चालली, आणि तिचाही प्रेक्षक मोठा होता. पण दैनंदिन मालिकेला रोज एक प्रश्न उद्यासाठी लटकत ठेवावा लागतो, आणि घराच्या आत तो प्रश्न लटकवायचा तर घरातल्याच कोणाला तरी खलनायक करावे लागते. विनोदी साप्ताहिक मालिकेला ते करावे लागत नाही. तिचा प्रश्न त्याच दिवशी मिटतो आणि पुढच्या आठवड्यात घर पुन्हा पहिल्यासारखे असते. दैनंदिन मालिका एकेकट्या बाईने स्वयंपाक करता करता पाहिली, सासूने दुपारी पुनःप्रसारणात पाहिली, तरी तिचे काम होते. टिपरे सगळ्यांनी बरोबर पाहिले तरच पुरते रंगते, कारण हसताना शेजारच्याकडे पाहावेसे वाटते.

ही गोष्ट मुंबईतल्या कोणत्याही सभागृहापेक्षा नवेगाव बांध या गावाला लवकर कळावी, कारण इथल्या लोकांना शेजारच्याबरोबर हसण्याची जुनी सवय आहे. धान निघाले, दिवाळी झाली, भाऊबीजेनंतर गावोगाव मंडई भरू लागल्या की लेकी-जावई येतात, घरे पाहुण्यांनी भरतात आणि रात्री नाटक असते. मंडईपासून शंकरपटांपर्यंत, म्हणजे बैलांच्या शर्यतींपर्यंत, आणि पुढे होळीपर्यंत वडसा या गावच्या नाट्यमंडळींची गाड्या भरभरून फिरती चाललेली असते. रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते, आणि त्या मंडपात सबंध घर असते. अंगावर चादर घेतलेली आजी, मांडीवर झोपलेले पोर, पाठीमागे उभा राहिलेला जावई. आता या नाटकांची घडण पाहा. मुख्य कथा बहुधा रडवणारी, कर्जाची, व्यसनाची, फुटलेल्या भावांची. पण तिच्या मधे विनोदी पात्रांचे प्रवेश येतात, आणि ज्यावर गावातला सावकार, पाटील, पुढारी किंवा हेकट बाप चेष्टेत सापडतो तो प्रवेश सबंध मंडपाला उचलून धरतो. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. त्यांनी व्यसन आणि अंधश्रद्धा यांच्याविरुद्ध बोलायला हीच रंगभूमी वापरली. ज्याला हसवता येते त्याचेच कठोर बोलणे लोक ऐकून घेतात, हे झाडीपट्टीच्या नटांना कोणत्याही वाहिनीच्या आधी समजले होते.

माझ्या या मांडणीवर काही आक्षेप येतील, आणि ते वजनदार आहेत. पहिला असा की, लोक एकत्र पाहत होते कारण घरात एकच संच होता. आवडीचा प्रश्नच नव्हता, नाइलाज होता. दूरदर्शनच्या एकाच वाहिनीच्या काळाबद्दल हे बरेचसे मान्य करावे लागेल. पण 2001 साली केबलवर डझनावारी वाहिन्या होत्या, हातात रिमोट होता, आणि रिमोटवरून घरात भांडणे होत होती. त्या भांडणात आठवड्यातून एकदा टिपऱ्यांवर तह होत असे, तर त्याचे श्रेय संचाच्या टंचाईला देता येणार नाही. आपल्या इथेही मोठ्या मंडईला एकाच रात्री एकाहून अधिक नाटके लागतात आणि घर ठरवून एका मंडपात जाते. आज प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, हे खरे. तरी 2020 च्या टाळेबंदीत दूरदर्शनने जुन्या मालिका पुन्हा काढल्या, तेव्हा 'रामायण' आणि 'महाभारत' यांच्याबरोबर 'देख भाई देख' आणि 'श्रीमान श्रीमती' यांसारख्या घरगुती विनोदी मालिकाही काढाव्याशा वाटल्या. सगळे घर दिवसभर घरातच असताना काय दाखवावे, याचे ते उत्तर होते.

दुसरा आक्षेप जास्त खोलवर जातो. वडीलधाऱ्यांवर हसायला शिकवणे म्हणजे त्यांचा मान घालवणे नव्हे काय? इथे परदेशातले एक उदाहरण उपयोगी पडेल. अमेरिकेत 1971 साली 'ऑल इन द फॅमिली' ही मालिका सुरू झाली. नॉर्मन लिअर यांनी तिच्यात आर्ची बंकर नावाचा पूर्वग्रहांनी भरलेला कुटुंबप्रमुख उभा केला, आणि प्रेक्षकांनी त्याच्या पूर्वग्रहांवर हसावे अशी अपेक्षा धरली. पण विड्मार आणि रोकीच या दोन अभ्यासकांचा जो निबंध 1974 साली प्रसिद्ध झाला, त्यात असे दिसले की ज्या प्रेक्षकांचे स्वतःचे पूर्वग्रह तीव्र होते ते आर्चीवर हसण्याऐवजी त्याच्याच बाजूने मालिका पाहत होते. माझ्या मते याचे कारण त्या रचनेत आहे. आर्चीला आपण हास्यास्पद आहोत हे ठाऊक नसते. तो ठामपणे बोलतो, त्यामुळे त्याच्यासारख्यांना तो आपला पुढारी वाटतो आणि बाकीच्यांना तो शत्रू वाटतो. खोली दुभंगते. आबा टिपऱ्यांनी खोली दुभंगत नाही, कारण ते स्वतःची बाजू स्वतःच सोडून देतात. आणि मान कमी होण्याचे म्हणाल तर, ज्या आजोबांना आपली चूक नातवासमोर कबूल करता येते त्या आजोबांपाशी नातू बसतो. ज्यांना ते जमत नाही त्यांच्या पाया पडून तो दुसऱ्या खोलीत जातो.

तिसऱ्या आक्षेपाला माझ्यापाशी पुरे उत्तर नाही, आणि तो मी टाळणार नाही. या सगळ्या मालिकांमधले घर शहरातल्या पांढरपेशा नोकरदाराचे आहे. चिमणराव पुण्याचा, वागले आणि टिपरे मुंबईच्या वळणाचे. धानाच्या बांधीवर उभे असलेले घर, तलावातल्या मासळीवर जगणारे ढिवराचे घर, जंगलात मोह आणि तेंदू वेचणारे गोंड घर या विनोदात कुठे आहे? आणि जिथे विदर्भाची बोली पडद्यावर येते तिथे ती फार वेळा वरवरच्या गमतीसाठी येते. भारत गणेशपुरे यांनी 'चला हवा येऊ द्या'मधून वऱ्हाडी ढब महाराष्ट्रभर नेली, याचे मोल मोठे आहे. पण ती अमरावतीकडची. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी ज्या झाडीबोलीचा जन्मभर अभ्यास केला, ती बोली बोलणारे घर, त्यातले सर्वांत वरचे माणूस आणि त्याने स्वतःवर केलेला विनोद, हे वाहिन्यांवर आलेले नाही. माझ्याच कसोटीने पाहिले तर ही उणीव गंभीर आहे. बोली बोलणारा नेहमी नोकर किंवा पाहुणा म्हणून आला, घराचा कर्ता म्हणून आला नाही, की हशाचा रोख त्याच्याकडे खालीच वळतो. मग हा विनोद ज्याला आपण कौटुंबिक म्हणतो तो काही कुटुंबांपुरताच कौटुंबिक उरतो. बाईबद्दलही हेच म्हणता येईल. काऊपासून श्यामलपर्यंत या घरांतल्या बायका चतुर आहेत, पण सांगणारा आवाज पुरुषाचा आहे. स्वतःवर हसून सबंध घराला हसवणारी, स्वतःच आपली गोष्ट सांगणारी आजी मराठी मालिकेला अजून हवी आहे.

ही उणीव भरून काढायला जे लागते त्यातले बरेचसे या पट्ट्यातच आहे. वडशाच्या मंडळींकडे रात्रभर मंडप धरून ठेवणारे नट आहेत, दर हंगामाला नवी नाटके लिहिणारे लेखक आहेत, आणि बोली अंगात मुरलेल्या नट्या आहेत. होळीनंतर पाऊस पडेपर्यंतचे दोन-तीन महिने यांतल्या अनेकांना काम नसते. वीस-पंचवीस मिनिटांचा भाग, एक घर, एक अंगण, पाच-सहा माणसे, एवढ्यावर कौटुंबिक विनोदी मालिका उभी राहते. तिला महाल लागत नाहीत, लढाया लागत नाहीत, आणि आता ती दाखवायला मुंबईच्या वाहिनीची परवानगीही लागत नाही, मोबाइल आणि इंटरनेट पुरते. पहिल्या हंगामासाठी विषयही सांगता येतील. धान खरेदी केंद्रावर नंबर लावायला गेलेले आजोबा, मंडईला आलेल्या तीन जावयांमधले मानपान, अभयारण्यातले रानडुक्कर बांधीत शिरल्यावर घरातल्या प्रत्येकाने सुचवलेला वेगळा उपाय, आणि हे सगळे रात्री नातीकडून मोबाइलवर बोलून नोंदवून घेणारी, अक्षरओळख नसलेली आजी. लिहिणाऱ्यांना माझी एकच सूचना आहे. त्या आजीला घरातल्या सगळ्यांपेक्षा शहाणी करू नका. पहिल्याच भागात तिची जबरदस्त फजिती होऊ द्या, आणि ती तिची तिलाच सांगू द्या.